पुढचा डोस किती वाजता?

साक्षीच्या वेळी उठून उभं राहणाऱ्या माणसाची गोष्ट नेहमी पूर्ण झालेली असते. नगर जिल्ह्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत लहानपणापासून मी अशा साक्षी ऐकत आले. कुणाची नोकरी हुकली आणि वर्षभरात तिच्याहून बरी मिळाली. कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं आणि पुढे कळलं, मोडलं तेच बरं झालं. साक्ष देणारा शेवटी म्हणायचा, ‘माझा मार्ग वेगळा होता, देवाचा वेगळा होता.’ मंडळी ‘आमेन’ म्हणायची आणि पाळकसाहेब पुढच्या गीताचा नंबर सांगायचे. ज्यांची नोकरी हुकली ती हुकलीच, ते मागच्या बाकावर बसलेले असायचे. त्यांना कुणी पुढे बोलावत नसे. बोलावलं असतं तर ते काय बोलले असते, हा विचार मला बंगळुरूत काम करायला लागेपर्यंत सुचला नव्हता.

मी नर्स आहे. शिक्षण मिरजेला झालं. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली तिथं मिशनचं रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांतल्या मुलींनी मिरजेची वाट धरायची, हा जवळजवळ रिवाजच. पुढची वाट मात्र मी स्वतः आखली होती. दोन वर्षं बंगळुरूत आयसीयूचा अनुभव घ्यायचा, इंग्रजीची परीक्षा द्यायची आणि इंग्लंडला जायचं. घरावरचं कर्ज आणि धाकट्या भावाचं शिक्षण, दोन्ही त्या आराखड्यात बसवलेलं होतं. आराखड्यावर प्रार्थनाही केली होती, म्हणजे तो देवासमोर ठेवला होता. आता आठवलं की वाटतं, मोठ्या साहेबांसमोर सहीसाठी फाइल ठेवतात तसा ठेवला होता.

परीक्षा झाली, मुलाखत झाली, कागदपत्रं पूर्ण झाली, आणि तिकडच्या रुग्णालयाने भरतीच थांबवली. मी जाणार म्हणून इथल्या आयसीयूतली माझी जागा एव्हाना दुसरीला दिली गेली होती. रिकामी होती ती पॅलिएटिव्ह केअरच्या होम केअर टीममधली जागा. बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या घरी जाऊन त्यांच्या वेदनेवर, जखमांवर, श्वासावर आणि झोपेवर उपचार करायचे, हे त्या टीमचं काम. आयसीयूत मशीन वाजलं की धावायची सवय असलेल्या मला ते काम नर्सिंगमधून निवृत्त झाल्यासारखं वाटलं. फोनवर नातेवाईक सांगत, ‘देवाची काहीतरी योजना असेल.’ मी ‘हो’ म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

आमची गाडी सकाळी निघते. डॉक्टर, नर्स, समुपदेशक आणि ड्रायव्हर. हेब्बाळचा उड्डाणपूल, नागवारा, टॅनरी रोड, फ्रेझर टाउन, लिंगराजपुरम, शिवाजीनगर. नकाशावर हे अंतर काहीच नाही, पण बंगळुरूच्या रहदारीत सकाळी ठरवलेल्या घरांपैकी एखादं दुपारपर्यंत मागे पडतंच. गल्लीत गाडी शिरत नाही, मग बॅग खांद्यावर. एका घरात कन्नड, पुढच्यात तमिळ, त्याच्या पुढच्यात दखनी. ‘नोवु इदेया?’, ‘वली इरुक्का?’, ‘दर्द है क्या?’ हे तीन प्रश्न मी सगळ्यात आधी शिकले. वेदना किती, ते शून्य ते दहा या आकड्यांत विचारायचं, आणि आकडे कळत नसतील तर हाताच्या बोटांवर.

या कामाचा कणा म्हणजे मॉर्फिनची गोळी. ती दर चार तासांनी द्यायची असते आणि वेदना उठायची वाट न पाहता द्यायची असते. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. रात्रीचा डोस दुप्पट, म्हणजे मध्यरात्री रुग्णाला उठवावं लागत नाही. सोबत पोट साफ ठेवणारं औषध न चुकता. वाचता येत नसेल त्या घरात आम्ही कार्डावर सूर्य आणि चंद्र काढून देतो. 2014 साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि रुग्णालयांना मॉर्फिन ठेवण्यासाठी लागणाऱ्या परवान्यांचं जंगल विरळ झालं. तरी त्याचा हिशेब गोळीगणिक ठेवावा लागतो. आयसीयूत मी मिनिटांवर जगत होते, इथं चार-चार तासांवर जगायला लागले.

एक गृहस्थ होते. मूळचे खानापूर तालुक्यातले, मराठी बोलणारे, जालहळ्ळीच्या एचएमटी घड्याळ कारखान्यातून निवृत्त झालेले. उशाशी चावीचं एचएमटी ठेवायचे, रोज सकाळी स्वतः चावी द्यायचे आणि त्याच्यावर डोस घ्यायचे. मुलगा सॉफ्टवेअरमधला, अतिशय मायाळू आणि अतिशय व्यवस्थित. त्याने वडिलांच्या आजाराचा तक्ता केला होता. कोणती केमो कधी झाली, कोणत्या शहरात कोणता डॉक्टर, परदेशात कोणती नवी चाचणी चालू आहे, सगळं रकान्यांत. मी गेले की पहिला प्रश्न, ‘सिस्टर, नेक्स्ट स्टेप काय?’ पुढची पायरी नाही, हे डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं, तरी रकाना रिकामा राहणं त्याला सोसवत नव्हतं. मला त्याच्याकडे बघवत नसे, कारण तसाच तक्ता मीही घेऊन फिरत होते. माझ्या तक्त्यात रुग्णाच्या जागी मी होते, एवढाच फरक.

वडील एकदा मला म्हणाले, ‘ताई, पोरगं करतंय ते करू दे. तुम्ही एवढंच करा, नात चार वाजता शाळेतून येते. त्या वेळी मला दुखायला नको आणि झोपही यायला नको.’ डॉक्टरांशी बोलून आम्ही दोनच्या डोसची वेळ थोडी सरकवली. त्या घरातली सगळ्यात नेमकी योजना त्यांची होती, आणि ती पार पडली. ते ख्रिस्ती नव्हते. देवाचं नावही त्यांनी माझ्यासमोर कधी काढलं नाही. पण आपल्या हातात काय उरलंय आणि काय नाही, हे इतक्या शांतपणे ओळखलेला माणूस मी देवळातही क्वचित पाहिला होता.

देवावर भरवसा ठेवणाऱ्या घरांत हे सोपं असेल, असं मला वाटायचं. ते तसं नव्हतं. लिंगराजपुरमला एक तरुण बाई होती, लहान मुलाची आई. त्यांच्या प्रार्थनागटाने तिच्या बरं होण्यासाठी उपास धरले होते, आणि कुणीतरी तिच्या नवऱ्याला सांगितलं होतं की मॉर्फिन देणं म्हणजे देव बरं करणार नाही असं कबूल करणं. त्याने गोळ्या बंद केल्या. आम्ही पोचलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशीचा अभ्रा तिने दातांत धरला होता. नवरा निर्दय नव्हता. तो रात्र-रात्र गुडघ्यांवर होता.

त्या दिवशी औषधशास्त्र त्याच्या कानांत शिरलं नसतं. मी त्याला बायबलातली हिज्कीया राजाची गोष्ट काढायला सांगितली. राजा मरणाला टेकतो, भिंतीकडे तोंड फिरवून रडतो, प्रार्थना करतो. देव यशया संदेष्ट्याकडून निरोप पाठवतो की प्रार्थना ऐकली आहे, आयुष्याची 15 वर्षं वाढवली आहेत. आणि त्याच प्रसंगात यशया सांगतो की अंजिराचा लेप करून गळवावर लावा. देवाने बरं करायचं ठरवल्यावरही लेप लावावा लागला, आणि तो लावणाऱ्या हातांना कुणी अविश्वासी म्हटलं नाही. नवऱ्याने तो भाग दोनदा वाचला. गटातले एक वडीलधारे तिथं होते, तेही गप्प झाले. रात्रीचा डोस त्याने दिला. आठवडाभरात सगळे डोस वेळेवर जायला लागले. आजार तसाच राहिला, पण ती उठून भिंतीला टेकून बसायला लागली आणि मुलाचा गृहपाठ घेऊ लागली.

गटातल्या बायका तिला म्हणायच्या, ‘यातही देवाची योजना आहे.’ ती ऐकून घ्यायची. एकदा ड्रेसिंग करताना तिने मला सांगितलं, ‘माझं काय करायचं ते देवाला ठाऊक आहे. माझ्या मुलाचं काय करायचं ते मात्र मी त्याला रोज सांगते.’

हे वाक्य ऐकून माझ्या मनातली एक गाठ सुटली. लहानपणापासून माझी समजूत होती की देवाच्या इच्छेला मान तुकवणं म्हणजे आपल्या तोंडाला कुलूप लावणं. पण गेथशेमानेच्या बागेत येशूने आधी मागणं मागितलं होतं, प्याला टळावा म्हणून. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ ते त्यानंतरचं. मागणं मागितलंच नसतं तर त्या दुसऱ्या वाक्याला काही वजन आलं असतं का? ती बाई दोन्ही वाक्यं रोज म्हणत होती.

आणखी एक गोष्ट मला त्या घरात कळली. ‘यात देवाची योजना आहे’ हे ज्याचं दुःख आहे त्याने म्हणावं. दुसऱ्याने त्याच्यावर लादू नये. बायबलात सगळं गमावलेल्या ईयोबाकडे त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. मित्र म्हणून ते तेवढेच दिवस शोभले. नंतर तोंड उघडलं आणि प्रत्येकजण देवाच्या वतीने स्पष्टीकरण द्यायला लागला. शेवटी देवाचा राग ओढवला तो त्यांच्यावर. ईयोबाने देवाशी इतका वाद घातला, तरी तो योग्य बोलला असं देवच म्हणतो. आमच्या टीममध्ये नवीन येणाऱ्या नर्सेस बहुतेक केरळच्या, मणिपूर-नागालँडच्या, विश्वासू घरांतल्या असतात. त्यांना मी जखमेच्या दुर्गंधीवर मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून कशी टाकायची ते शिकवते, आणि त्याच बैठकीत हेही सांगते की रुग्णाला देवाचा हेतू समजावून सांगायचा नाही. रुग्णाने तो आपल्याला सांगितला तर ऐकायचा.

मग माझ्या मोडलेल्या आराखड्याचं काय? त्यासाठी मी पंडिता रमाबाईंकडे परत गेले. ‘परत’ म्हणायचं कारण, आमच्याकडे त्यांचं नाव संडेस्कूलमध्येच कानावर पडतं, आणि तिथं त्यांचं आयुष्य एखाद्या झालेल्या साक्षीसारखं सांगतात. बंगळुरूत मी ते सावकाश वाचलं. रमाबाई जन्मल्या याच राज्यात, 1858 साली, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात. दुष्काळाच्या दिवसांत आई-वडील आणि बहीण गेली. 1880 मध्ये लग्न झालं, दोन वर्षांत नवराही गेला. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. ऐकू कमी येत असल्यामुळे तो दरवाजा बंद झाला. त्या वैद्यकीय शिक्षणाला मुकल्या, आणि तिथंच त्यांचा बाप्तिस्मा झाला.

1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढल्या वर्षी ते पुण्याला नेलं. उच्चवर्णीय विधवांना शिकवून पायांवर उभं करायचं, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं, असा आराखडा होता. मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतायत म्हणून वाद पेटला, प्रतिष्ठित हितचिंतक दूर झाले, मुली काढून घेतल्या गेल्या. मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या, जात न विचारता. 1900 च्या सुमारास त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात दीड हजार माणसं होती. शारदा सदनाचा मूळ आराखडा जसाच्या तसा पार पडला असता, तर एवढ्या जणींना त्यात जागा नव्हती.

इथं थांबलं की साक्ष छान होते. पण गोष्ट इथं थांबत नाही. मुलगी मनोरमा हीच पुढे काम सांभाळणार होती. गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, तिने शाळाही सुरू केली होती. 1921 मध्ये ती गेली, रमाबाईंच्या आधी. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मराठीत आणलेलं बायबल, ज्याचे खिळे मुक्तीतल्या मुलींनी जुळवले, ते छापून पूर्ण झालं 1924 मध्ये. मनोरमाच्या मृत्यूतून कोणतं कल्याण साधलं, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही, आणि कुणी ते शोधून दाखवावं असंही मला वाटत नाही. रमाबाईंनी त्यानंतर काय केलं हे मात्र ठाऊक आहे. त्या पुन्हा भाषांतराला बसल्या.

आमच्या क्षेत्रातलं दुसरं उदाहरण सिसिली साँडर्स यांचं. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना नर्सिंग सोडावं लागलं आणि त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. तिथं भेटलेल्या वॉर्साच्या एका निर्वासिताने 1948 मध्ये मरताना त्यांच्या नावे 500 पौंड ठेवले. पुढे त्या डॉक्टर झाल्या, आणि बऱ्या न होणाऱ्या रुग्णांसाठी लंडनचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं ते 1967 मध्ये. आज मी ज्या पद्धतीने वेदना मोजते आणि डोस लावते, तिची मुळं तिथली. मधली 19 वर्षं त्या बाईंना हे सगळं कुठं चाललंय ते दिसत असेल असं मला वाटत नाही.

आमच्या ख्रिस्ती घरांत यिर्मयाच्या 29व्या अध्यायातलं एक वचन भिंतीवर टांगलेलं असतं. देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अशा अर्थाचं. नोकरी लागली, परीक्षा पास झाली, की त्याच्याखाली फोटो काढतात. तो अध्याय सुरुवातीपासून वाचला तर ते एक पत्र आहे, यरुशलेमेहून बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. यिर्मया कळवतो, 70 वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकजण परतीचा दिवस बघणार नव्हते. त्यांना सांगितलं काय, तर घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा आणि ज्या परक्या शहरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. भविष्याचं आश्वासन त्यानंतर येतं.

माझ्या दोन वर्षांच्या आराखड्याला हनन्या पटला असता. बंगळुरू हे तेव्हा माझ्यासाठी विमानतळाआधीचं स्टेशन होतं, म्हणून मी कन्नड शिकत नव्हते, मंडळीत नाव नोंदवत नव्हते, शेजाऱ्यांची नावं विचारत नव्हते. हे शहर अर्धंअधिक अशाच माणसांनी भरलेलं आहे. दोन वर्षांसाठी आलेली, दर वर्षी ‘पुढच्या वर्षी जाऊ’ म्हणणारी, भाड्याच्या घरात खिळा न ठोकणारी. आता मी कन्नड बऱ्यापैकी बोलते. इंग्रजी उपासनेला जात होते, तिथून कन्नड उपासनेला जायला लागले, कारण रुग्णांच्या घरी ज्या भाषेत प्रार्थना करावी लागते ती कानांत राहायला हवी. घरी मात्र मराठीच. दुखण्याखुपण्यात तोंडातून निघते ती भाषा बदलत नाही, हे रोज पाहते.

कुणी विचारलं की आयसीयूची जागा गेली आणि तुला हे काम मिळालं, हीच देवाची योजना होती ना, तर मी ‘हो’ म्हणायला कचरते. काम मला आवडतं. मी ते चांगलं करते. पण कर्ज अजून आहे, आणि भावाने शिक्षण मध्येच सोडून नोकरी धरली ती माझे पैसे आले नाहीत म्हणून. त्याचं नुकसान माझ्या साक्षीच्या खर्चात दाखवायचा मला अधिकार नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पौल बिथुनियाला जायला निघतो आणि आत्मा त्याला जाऊ देत नाही, एवढंच लिहिलं आहे. कसं अडवलं, का अडवलं, बिथुनियातल्या लोकांचं काय झालं, तिथं एक शब्द नाही. पौल त्रोवसला जातो, मग समुद्र ओलांडून फिलिप्पैला, आणि तिथं नदीकाठी बसलेल्या बायकांशी बोलतो. मला त्या न सांगण्यात प्रामाणिकपणा वाटतो. मागच्या बाकावरच्या माणसांना बोलावलं असतं तर ते बहुधा एवढंच बोलले असते, की अडलं, का ते कळलं नाही, आणि आम्ही देव सोडला नाही. ती साक्ष मला आता पूर्ण वाटते.

भरवसा ठेवणं म्हणजे आराखडा करणं सोडणं, असंही मला वाटत नाही. आमच्याकडच्या लग्नपत्रिकेवर ‘प्रभूची इच्छा असल्यास’ छापतात, आणि हॉलचा अॅडव्हान्स सहा महिने आधी भरलेला असतो. दोन्हींत काही विरोध नाही. चार तासांचं वेळापत्रक काटेकोर आखायचं आणि पाचव्या तासाला काय होईल ते माहीत नाही हे मान्य करायचं, ही माझी रोजची नोकरीच आहे. बदललं ते एवढंच की आता मी देवासमोर फाइल ठेवत नाही. काय हवं ते सांगते, लिंगराजपुरमच्या त्या बाईसारखं, आणि ठरलेल्या वेळी गाडीत बसते.

परदेशातली भरती पुन्हा उघडली आहे, या वेळी पॅलिएटिव्ह केअरसाठी. मी अर्ज भरला. टीममधल्या एकीला वाईट वाटलं. तिला वाटत होतं, मला इथं ठेवणं हीच देवाची इच्छा आहे हे एव्हाना सिद्ध झालंय. सिद्ध काहीच झालेलं नाही, असं मी तिला सांगितलं, आणि रजिस्टरमध्ये गोळ्यांचा हिशेब तिच्याकडून तपासून घेतला. नवीन मुलींचं प्रशिक्षणही मी जाणार असल्यासारखं आणि राहणार असल्यासारखं, दोन्ही धरून चालवलंय.

आई फोनवर विचारते, ‘मग नक्की काय ठरलं?’ मी म्हणते, ‘माझं ठरलंय, अर्ज भरलाय. त्याचं काय ठरलंय ते कळलं की कळवते.’ आई म्हणते, ‘त्याने मला आधी कळवलं तर?’ मी म्हणते, ‘तर तू फोन कर. पण दोन वाजता नको. डोसची वेळ असते.’